शेवटच्या दिवशीचे आठ ॲट-बॅट : टेड विल्यम्सच्या ०.४०६ चे प्रकरण

२७ सप्टेंबर १९४१, शनिवार. संध्याकाळी बोस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सच्या नावापुढे ४४८ ॲट-बॅट (हिशेबात धरल्या जाणाऱ्या फलंदाजीच्या खेपा) आणि १७९ हिट (यशस्वी फटके) अशी नोंद होती. भागाकार केला की ०.३९९५५ येतात. बेसबॉलमध्ये सरासरी तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात, म्हणजे कागदावर हे ०.४०० झाले असते, फलंदाजाला क्वचितच गाठता येणारा आकडा. हंगामाचे दोन सामने उरले होते आणि दोन्ही दुसऱ्या दिवशी, रविवारी, फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कवर एकापाठोपाठ एक होणार होते. मॅनेजर जो क्रोनिनने २३ वर्षांच्या विल्यम्सला बाहेर बसायची मोकळीक दिली होती. तो बसला नाही. दोन्ही सामने खेळला, आठ ॲट-बॅटमध्ये सहा हिट काढले आणि हंगाम ०.४०६ वर संपवला.

ही गोष्ट नेहमी धाडसाची म्हणून सांगितली जाते आणि ते धाडस खरेच होते. पण एकेका ॲट-बॅटचा हिशेब मांडला की ते दिवसभर सारखे पसरलेले नव्हते हे कळते. धोका जवळजवळ सगळा पहिल्या अर्ध्या तासात होता. दुसऱ्या सामन्यात तर तो उरलाच नव्हता, आणि सर्वांत जास्त कौतुक मात्र त्याच दुसऱ्या सामन्यात उतरण्याचे होते.

आधी हिशेबाची रीत

क्रिकेटमध्ये धावांना बाद होण्याच्या संख्येने भागतात. बेसबॉलमधली फलंदाजीची सरासरी म्हणजे हिट भागिले ॲट-बॅट. चेंडू मारून फलंदाज स्वतःच्या बळावर निदान पहिल्या बेसवर (धावण्याच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर) पोचला तर हिट. होमरन, म्हणजे कुंपणापलीकडे गेलेला फटका, असो की जमिनीवरून सरपटत गेलेला एक बेसचा फटका असो, सरासरीत दोन्हींची किंमत एकच. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे बेस मिळाला तर ॲट-बॅट मोजला जातो, हिट मिळत नाही. पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, चार चेंडू मारण्याजोग्या पट्ट्याबाहेर टाकले आणि फलंदाजाने ते सोडले तर त्याला चालत पहिला बेस मिळतो. हा वॉक ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत. चेंडू अंगाला लागून बेस मिळाला तरी तो धरत नाहीत.

विल्यम्स त्या हंगामात ६०६ वेळा फलंदाजीला उभा राहिला. त्यात १४७ वॉक होते आणि ३ वेळा चेंडू अंगाला लागला. उरले ४५६ ॲट-बॅट. १४७ वॉक म्हणजे साधारण प्रत्येक चौथ्या खेपेला फुकट बेस. त्यातले बरेच वॉक त्याच्या डोळ्यांनी कमावलेले. हंगामभरात तो फक्त २७ वेळा स्ट्राइकआउट (चेंडू नीट न मारता आल्याने बाद) झाला आणि त्याने ३७ होमरन मारले. होमरनपेक्षा स्ट्राइकआउट कमी, ही गोष्ट जोरात मारणाऱ्या फलंदाजाच्या बाबतीत फारच दुर्मीळ आहे.

वॉकचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. ॲट-बॅट कमी असल्याने ०.४०० साठी लागणारे हिटही कमी, पण प्रत्येक ॲट-बॅटचे वजन वाढते. ४५० च्या आसपास ॲट-बॅट असताना ०.४०० वर उभ्या फलंदाजाला एक हिट सुमारे ०.००१३ वर नेतो आणि एक अपयश सुमारे ०.०००९ खाली आणते. शनिवारी रात्री तो ०.४०० च्या रेषेखाली अर्ध्या सहस्रांशाइतका होता. म्हणजे एका हिटने वर, एका अपयशाने ०.३९९.

त्या दिवसापर्यंत काय काय जमले होते

हंगामाच्या तोंडावर सराव सामन्यांत त्याच्या उजव्या घोट्याचे हाड किंचित फुटले. पहिले दोन आठवडे तो बहुतेक वेळ बदली फलंदाज म्हणूनच उतरला. या सक्तीच्या विश्रांतीचा एक फायदा झाला : संघातला पिचर जो डॉब्सन त्याला रोज खऱ्या सामन्यासारखी गोलंदाजी करायचा. वळणारे, वेगवान, सगळे चेंडू, तेही बाद करायच्या इराद्याने. सरावात सहसा मंद, सरळ चेंडू मिळतात. त्यावर हात गरम होतो, डोळा तयार होत नाही. एप्रिलच्या थंडीत, पायावर भार देता येत नसताना कमी ॲट-बॅट खर्च झाले, हेही सरासरीच्या पथ्यावर पडले.

बॅटच्या बाबतीत तो कमालीचा काटेकोर होता. त्या काळी पुष्कळ जोरकस फलंदाज जड बॅट वापरत. विल्यम्सचा भर हलक्या बॅटवर होता, कारण हलकी बॅट उशिरा फिरवायला घेतली तरी वेळेवर पोचते आणि चेंडू तेवढा जास्त वेळ पाहता येतो. ॲश लाकूड दमट हवेत ओल धरते आणि बॅट थोडी जड होते. म्हणून तो बॅट पोस्टाच्या कचेरीतल्या काट्यावर नेऊन तोलून घ्यायचा. हातातून उतरलेला चिकटा आणि धूळ काढायला रात्री अल्कोहोलने पुसायचा. हौशी फलंदाजांनी त्याच्याकडून एखादी गोष्ट उचलायची तर ती हीच, कारण तिला प्रतिभा लागत नाही.

जुलैत डेट्रॉइटला निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात नवव्या डावात दोन बाद असताना त्याने क्लॉड पासोच्या चेंडूवर तीन धावांचा होमरन मारून सामना ७-५ ने जिंकून दिला. त्याच वेळी न्यूयॉर्क यांकीजचा जो डिमॅजिओ सलग ५६ सामन्यांत हिट मारत चालला होता. ती मालिका १५ मेला सुरू झाली, १६ जुलैला तिचा शेवटचा सामना झाला. देशाचे लक्ष तिकडे होते. मालिकेत रोज एक आकडा वाढतो, त्यामुळे लोक तिच्या मागे सहज धावतात. सरासरीचा आकडा मात्र वरखाली होत राहतो आणि त्यातला ताण हंगामाच्या शेवटीच दिसतो.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात सरासरी घसरू लागली. फिलाडेल्फियाची मालिका सुरू होताना ती ४४४ ॲट-बॅटमध्ये १७८ हिट, म्हणजे ०.४००९ होती. शनिवारी समोर नकलबॉल टाकणारा रॉजर वुल्फ आला. नकलबॉलला फिरकी जवळपास नसते, तो हवेत डगमगत येतो आणि पिचरलाही तो नेमका कुठे जाईल सांगता येत नाही. विल्यम्सचे सगळे तंत्र चेंडू ओळखून थांबण्यावर उभे होते. इथे ओळखून फारसा उपयोग नाही. चार ॲट-बॅटमध्ये एक हिट मिळाला आणि आकडा ०.३९९५५ झाला.

वुल्फ त्याच महिन्यात मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, आलेला होता. रविवारचे डिक फाउलर आणि फ्रेड कॅलिजुरी हेही त्याच महिन्यात आलेले. तळाला गेलेल्या फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचे वयोवृद्ध मॅनेजर कॉनी मॅक नवी पोरे तपासून पाहत होते. नवखे पिचर म्हणजे सोपे काम, असा समज होतो. पण विल्यम्स पिचरचा अभ्यास करून खेळणारा होता : कोण कोणत्या परिस्थितीत काय टाकतो, हे डोक्यात साठवलेले. अनोळखी पिचरसमोर ती शिदोरी रिकामी असते. शिवाय सप्टेंबरअखेर ऊन तिरपे होते, प्रेक्षागृहाची सावली पिचर आणि फलंदाज यांच्या मध्ये येते आणि चेंडू उन्हातून सावलीत शिरताना क्षणभर हरवतो. शाइब पार्कवर हा त्रास होतो याची विल्यम्सला चांगली जाणीव होती.

शक्यतेचा हिशेब

दोन सामन्यांत त्याला आठ ॲट-बॅट मिळाले. आठात तीन हिट मिळाले असते तर १८२ भागिले ४५६, म्हणजे ०.३९९. चार मिळाले असते तर १८३ भागिले ४५६, म्हणजे ०.४०१. म्हणून किमान चार हवे होते. प्रत्येक ॲट-बॅटला हिटची शक्यता ०.४ धरली तर आठात चार किंवा जास्त हिट मिळण्याची शक्यता येते सुमारे ४१ टक्के. दोन्ही सामने पूर्ण खेळायचे ठरवले तर ०.४०० हातचे जाण्याचीच शक्यता जास्त होती, आणि हे त्याला हंगामभर जमलेल्या वेगाने खेळला असता तरी.

पण त्याच्यापुढे दोनच पर्याय नव्हते. बेसबॉलमध्ये खेळाडूला सामन्याच्या मधूनही काढता येते. त्यामुळे तिसरी वाट होती : उतरायचे, आकडा रेषेच्या वर गेला की बाहेर यायचे. हे नियमात बसणारे होते आणि कुणी फार आक्षेपही घेतला नसता. या प्रकरणाबद्दल लिहिताना ही तिसरी वाट सहसा विसरली जाते, आणि खरी परीक्षा तिथेच होती.

आदल्या रात्री तो क्लबहाउस सांभाळणाऱ्या जॉनी ऑर्लँडोबरोबर फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवरून बराच वेळ पायी फिरला.

ॲट-बॅट एकेक करून

पहिल्या सामन्यात पहिल्या खेपेला तो उभा राहिला तेव्हा पंच बिल मॅकगोवन होम प्लेट (फलंदाजापुढची पाटी) झाडायला वाकला आणि मान वर न करताच त्याला म्हणाला, की चारशे, म्हणजे ०.४००, मारायचे तर फलंदाजाने अंग सैल ठेवायला हवे. फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या कॅचर फ्रँकी हेजने सांगितले, की मॅकसाहेबांची ताकीद आहे, कुणी मुद्दाम सोपे चेंडू टाकायचे नाहीत. तुला शुभेच्छा, पण आम्ही काहीही फुकट देणार नाही. तरी त्यांनी त्याला खेळायला दिले, हे महत्त्वाचे आहे. त्याला वॉक देत राहिले असते तर ॲट-बॅटच घडले नसते आणि आकडा ०.३९९५५ वरच गोठला असता.

हा पहिला ॲट-बॅट दिवसभरातला सर्वांत महाग होता. अपयश आले असते तर १७९ भागिले ४४९, म्हणजे ०.३९८७. मग पूर्णांकनाचाही आधार गेला असता आणि बाहेर बसायची वाट बंद झाली असती. फाउलरच्या चेंडूवर त्याने उजवीकडे फटका मारला आणि एक बेस मिळवला. १८० भागिले ४४९ : ०.४००९.

इथे पहिली बाहेरची वाट उघडली. आता पूर्णांकनाची गरज नव्हती. आणि इथे आकड्यांची एक सुंदर जुळणी आहे : पुढचा ॲट-बॅट वाया गेला असता तर १८० भागिले ४५०, म्हणजे नेमके ०.४००, दशांशात एक कणही इकडेतिकडे नाही. एकाच अपयशाची उसंत होती, दुसऱ्या अपयशाला ०.३९९. तो खेळत राहिला. पाचव्या डावात फाउलरच्याच चेंडूवर त्याने उजव्या कुंपणापलीकडे होमरन मारला. शाइब पार्कचे उजवे कुंपण १९३५ मध्ये पत्रे ठोकून सुमारे ३४ फुटांपर्यंत वाढवले होते, रस्त्यापलीकडच्या घरांच्या गच्चीवरून फुकट सामना पाहणाऱ्यांना अडवायला. फटका त्यावरून गेला. १८१ भागिले ४५० : ०.४०२२.

मग पोर्टर वॉन हा डावखुरा पिचर आला. विल्यम्स डावखुरा फलंदाज. डावखुऱ्याचा वळणारा चेंडू डावखुऱ्या फलंदाजाच्या पाठीमागून आल्यासारखा येतो आणि बाहेर निसटतो, म्हणून अशी जोडी फलंदाजाला गैरसोयीची मानतात. त्याने वॉनला लागोपाठ दोन हिट मारले : ०.४०३५, मग ०.४०४९. पाचव्या ॲट-बॅटला क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे बेस मिळाला, म्हणजे हिट नाही. सामना संपला तेव्हा १८३ भागिले ४५३, ०.४०४०. रेड सॉक्सनी तो १२-११ ने जिंकला.

दुसऱ्या सामन्यात तो ओळीने चार वेळा अपयशी ठरला असता तरी १८३ भागिले ४५७, म्हणजे ०.४००४ राहिले असते. पाचव्या अपयशाने ०.३९९५६ झाले असते, आणि तेही तीन स्थळांत ०.४००. एका सामन्यात सहा ॲट-बॅट क्वचितच मिळतात. तेव्हा दुसऱ्या सामन्यात उतरणे हा जुगार नव्हताच. तो उतरला कारण संघाचा सामना होता आणि तो संघाचा फलंदाज होता. मला यात पहिल्या निर्णयापेक्षा कमी शौर्य दिसते आणि अधिक सचोटी दिसते.

या सामन्याला बोस्टनकडून लेफ्टी ग्रोव्ह पिचर म्हणून उतरला. एकेकाळी मॅक यांच्याच संघाचा हुकमी पिचर, त्याच जुलैत त्याने कारकिर्दीतला ३०० वा विजय मिळवला होता. एकच डाव टाकून तो गेला, आणि तो त्याचा मेजर लीगमधला शेवटचा सामना ठरला. विल्यम्सच्या आकड्यांच्या गलबल्यात ग्रोव्हची ती निरोपाची दुपार जवळपास झाकली गेली आहे, याची हळहळ वाटते.

कॅलिजुरीविरुद्ध विल्यम्सने एक बेसचा फटका मारला. नंतर उजव्या कुंपणावरच्या ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यावर आदळलेला दोन बेसचा फटका मारला. तिसऱ्या खेपेला झेल गेला. अंधारामुळे आठ डावांनंतर सामना थांबवला, ॲथलेटिक्स ७-१ ने जिंकले. अंतिम नोंद : १८५ भागिले ४५६, ०.४०५७.

नियमाने काय दिले, काय काढून घेतले

त्याच्याआधी नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, रेड सॉक्स दुसऱ्या म्हणजे अमेरिकन लीगमध्ये) बिल टेरीने १९३० मध्ये ०.४०१ मारले होते : ६३३ ॲट-बॅटमध्ये २५४ हिट. दोन्ही आकडे शेजारी ठेवताना दोन गोष्टी पाहायला हव्यात.

पहिली सॅक्रिफाइस फ्लायची. उंच फटक्यावर फलंदाज झेलबाद झाला, पण त्यादरम्यान बेसवरचा धावपटू पुढे सरकला, तर तो ॲट-बॅट मोजायचा की नाही? १९२६ ते १९३० या काळात कुठलाही धावपटू पुढे सरकला तरी ॲट-बॅट मोजत नसत. टेरीला या सवलतीचा लाभ होता. १९४१ मध्ये ही सवलत अजिबात नव्हती. तिसऱ्या बेसवरच्या धावपटूने अशा फटक्यावर होम प्लेट गाठून धाव काढली तरी फलंदाजाच्या खात्यात अपयश मांडले जायचे. १९५४ मध्ये धाव झाल्यास सूट देणारा नियम परत आला. तो १९४१ मध्ये असता तर असा प्रत्येक फटका विल्यम्सची सरासरी जवळपास ०.०००९ ने वाढवून गेला असता.

दुसरी गोष्ट लीगची सरासरी. १९३० ला नॅशनल लीगची एकूण सरासरी ०.३०३ होती. चेंडू उडत होता, सगळेच मारत होते. १९४१ ला अमेरिकन लीगची होती ०.२६६. टेरी लीगच्या ९८ सहस्रांश वर होता, विल्यम्स १४० सहस्रांश वर. माझ्या लेखी या प्रकरणातला सर्वांत वजनदार आकडा हा १४० आहे.

एक उणी बाजूही सांगायला हवी. १९४१ मध्ये मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती. सॅचेल पेजसारखे पिचर विल्यम्सला त्या हंगामात कधीच भेटले नाहीत. १९६६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, दाखल होताना केलेल्या भाषणात विल्यम्सने स्वतःहून पेज आणि जॉश गिब्सन यांची नावे घेऊन त्यांनाही तिथे जागा मिळावी असे सांगितले. २०२४ पासून कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीगचे आकडे मेजर लीगच्या नोंदींत धरले जातात आणि गिब्सनचे १९४३ चे ०.४६६ एका हंगामातल्या सर्वोच्च सरासरीच्या जागी आहे. त्यामुळे ‘चारशे मारणारा शेवटचा फलंदाज’ असे सरसकट म्हणणे आता बरोबर नाही. ‘अमेरिकन आणि नॅशनल लीगमधला शेवटचा’ असे म्हणावे.

त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा किताब डिमॅजिओला मिळाला, २९१ गुण विरुद्ध २५४. यांकीज रेड सॉक्सच्या १७ सामने पुढे राहून लीग जिंकले होते, आणि मते देणारे पत्रकार विजेत्या संघाकडे झुकत असत.

नंतर कोण किती जवळ आले

१९८० मध्ये कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने ४४९ ॲट-बॅटमध्ये १७५ हिट मारले, ०.३९०. विल्यम्स त्या रविवारी पहिल्या फटक्यानंतर बरोबर ४४९ वर होता आणि त्याचे हिट १८० होते. पाच हिटचा फरक. १९९४ मध्ये सॅन डिएगोचा टोनी ग्विन ४१९ मध्ये १६५, म्हणजे ०.३९४ वर असताना ऑगस्टमध्ये संप झाला आणि हंगामच तुटला. त्याला तीन हिट कमी पडले.

आणि १९५७ मध्ये स्वतः विल्यम्स. वय ३८ वरून ३९ कडे, पाय जड झालेले, मैदानातल्या क्षेत्ररक्षकांजवळ रेंगाळलेल्या चेंडूवर धावून बेस गाठणे जवळपास बंद. ४२० ॲट-बॅटमध्ये १६३ हिट, ०.३८८. आणखी पाच हिट मिळाले असते तर १६८ भागिले ४२०, नेमके ०.४००. तरुण पायांच्या फलंदाजाला असे पाच हिट हंगामभरात नुसत्या धावण्यावर मिळून जातात.